‘मॅप द्या’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पाच जणांची टीम, तीन वर्षांची मेहनत, धुक्यात बुडालेल्या एका ओसाड बेटावर भटकण्याचा गेम. मॅप मुद्दामच ठेवलेला नाही. डेमो खेळलेल्यांपैकी बरेच जण ‘मॅप द्या’ म्हणून मागे लागलेत. निम्म्या टीमला वाटतं, देऊन टाकावा. मुख्य डिझायनर म्हणतो, मॅप आला की गेम मेला. मग ऐकायचं कुणाचं, स्वतःच्या कल्पनेचं की खेळणाऱ्यांचं?

मी अठरा वर्षं गेम डिझाइन करतोय आणि या प्रश्नावर दोन्हीकडून मार खाल्लाय. लोकांचं ऐकून एक गेम पार मिळमिळीत केला, आणि न ऐकून एक बुडवला. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

माझा कल आधीच सांगतो: मॅप देऊ नका. पण तुमच्या डिझायनरचं कारणही मला पटत नाही. ‘मॅप आला की गेम मेला’ ही घोषणा झाली. मॅप नसल्यामुळे खेळणाऱ्याला नेमकं काय वाटायला हवं, हे त्याला एका वाक्यात सांगता येतं का, ते विचारा. ‘बेट हळूहळू ओळखीचं व्हावं आणि ते आपण स्वतः ओळखीचं केलं याचा त्याला आनंद व्हावा’ असं काही तो म्हणाला तर बोलणं पुढे जाऊ शकतं. नुसतं ‘वातावरण’ म्हणाला तर त्याला स्वतःलाच अजून नीट ठाऊक नाही. (हे वाचून त्याला राग येईल. येऊ दे. पंधरा वर्षांपूर्वी मलाही आला असता.)

आता आमची एक फजिती सांगतो.

आमचा एक गेम भुयारांमध्ये घडत होता. हातात कंदील, कंदिलात मोजकं तेल. अंधाराची धास्ती वाटावी आणि उजेड करायचा की नाही, हा निर्णय दर मिनिटाला घ्यावा लागावा, अशी कल्पना. प्लेटेस्टनंतरच्या (बाहेरच्या लोकांना गेम खेळायला देऊन बघितल्यानंतरच्या) फॉर्मवर जवळजवळ प्रत्येकाने एकच लिहिलं: तेल कमी पडतं. आम्ही तेल दीडपट केलं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच, तेल कमी पडतं. तेव्हा कुणाला तरी लॉग (खेळताना आपोआप होणाऱ्या नोंदी) काढून बघायची बुद्धी झाली. मेलेल्या बहुतेक पात्रांच्या कंदिलात निम्म्याहून जास्त तेल शिल्लक होतं.

मग मी एका मुलाच्या मागे खुर्ची टाकून बसलो. तो कंदील पेटवायचा, चार पावलं चालायचा, विझवायचा आणि भिंतीला घासत अंधारात पुढे सरकायचा. आमच्या चित्रकाराने सहा महिने खपून रंगवलेल्या भिंती, आणि हा पठ्ठ्या त्यांच्याकडे न बघता चाललाय! कंदील विझवताना दर वेळी तो स्वतःशीच पुटपुटत होता, ‘पुढे लागेल.’

त्या दोन शब्दांत सगळं आलं. तेल पुरेसं होतं, पण पुढचं कुठे आणि कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. म्हणून लोक कंजुषी करत होते आणि कंजुषीचा वैताग आमच्या नावावर जमा होत होता. आम्ही प्रत्येक मोठ्या वळणानंतर, दुरूनही दिसेल असा, पणती तेवत असलेला कोनाडा ठेवला. तेल फक्त तिथे. एकूण तेल मूळच्यापेक्षाही थोडं कमीच केलं. तक्रार थांबली. धास्ती मात्र वाढली, कारण आता लोक कंदील लावून बेधडक पुढे जात होते आणि ज्योत बारीक झाली की त्यांच्या पोटात गोळा येत होता. आम्हाला पहिल्यापासून हवं होतं ते हेच.

तुमच्या मॅपबद्दल माझा संशय असाच आहे. हरवण्याचा लोकांना फारसा त्रास होत नसावा. हे हरवणं तुम्ही मुद्दाम ठेवलंय की तुमच्या हातून काही राहून गेलंय, हे त्यांना कळत नसावं, आणि खरा त्रास तो असावा. माणूस गेममध्ये काय वाटेल ते सोसतो. एकाच राक्षसाकडून चाळीस वेळा मरतो आणि एक्केचाळिसाव्यांदा कंट्रोलर उचलतो. फक्त समोरच्याने हे विचार करून केलंय एवढी खात्री त्याला लागते. ती डळमळली की तो ओळखीची वस्तू मागतो. तुमच्याकडे मॅप मागितला, आमच्याकडे तेल मागितलं.

यावरून ‘खेळणाऱ्यांना काही कळत नाही’ असा अर्थ कुणी काढू नये. त्यांचा वैताग शंभर टक्के खरा असतो. चूक होते ती आपली, त्यांनी सुचवलेला उपाय जसाच्या तसा उतरवून घेतो तेव्हा किंवा तो उपाय चुकीचा दिसला म्हणून वैतागही उडवून लावतो तेव्हा.

‘सिव्हिलायझेशन’ या साम्राज्य उभारण्याच्या गेम-मालिकेचा जनक सिड मायर याने २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात ‘सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन’मधला एक किस्सा सांगितला होता. लढाईआधी दोन्ही बाजूंचं बळ आकड्यांत दिसायचं. तीनास एक असं बळ असताना खेळणारा हरला की भडकायचा. गणिताने चारातून एकदा हरणं ठरलेलंच, पण त्याच्या लेखी तीन म्हणजे एकाहून कितीतरी मोठा. तोच माणूस एकास तीन असताना जिंकला, तर त्याला ते अगदी रास्त वाटायचं! दोनास एकमध्ये अधूनमधून हरणं त्याला चालायचं. वीसास दहा झालं की पुन्हा चालायचं नाही, कारण आता डोळ्यांना दहाचा फरक दिसतो. मायरच्या टीमने शेवटी गणितच माणसाच्या मनाजोगतं वाकवलं. यात त्याने आपली कल्पना सोडली असं मला तरी वाटत नाही. त्याला सम्राट झाल्याची भावना द्यायची होती. संभाव्यतेचं सूत्र हे त्या भावनेकडे नेणारं एक साधन होतं, आणि ते साधन नीट चालत नव्हतं.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा बीटामधला, म्हणजे बाजारात येण्याआधीच्या चाचणीतला, प्रसंग तर आणखी गमतीचा. फार वेळ सलग खेळलं की अनुभवाचे गुण मिळण्याचा वेग कमी व्हायचा, म्हणजे लोकांनी थोडी विश्रांती घ्यावी. टेस्टर चिडले. मग तीच व्यवस्था उलटी मांडली: विश्रांती घेऊन आलात तर काही काळ दुप्पट गुण, नंतर नेहमीचे. मूळ हिशेब फारसा हललाच नाही. शिक्षेचं बक्षीस झालं आणि ओरड थांबली.

पण नुसत्या मांडणीने प्रत्येक वेळी भागत नाही. ‘जर्नी’ (२०१२) मध्ये दोन अनोळखी खेळणारे वाळवंटात भेटतात आणि शब्दही न बोलता एकमेकांच्या सोबतीने चालतात. सुरुवातीच्या प्रोटोटाइपमध्ये पात्रं एकमेकांना ढकलू शकत होती. कल्पना अशी की माणसं एकमेकांना मदतीचा हात देतील. माणसांनी काय केलं? एकमेकांना खड्ड्यात ढकललं. गेमचा दिग्दर्शक जेनोव्हा चेनने यावर ‘खेळणारे वाईट आहेत’ असा निष्कर्ष काढला असता तर तो गेम झालाच नसता. टीमने धक्का लागण्याची सोयच काढून टाकली, आणि जवळ आल्यावर दोघांच्याही उडण्याची ऊर्जा भरेल असं केलं. सोबतीची कल्पना जशीच्या तशी राहिली. तिच्यासाठी मुळात बांधलेली यंत्रणा मात्र मोडून टाकली.

‘पोर्टल’मधला बदाम काढलेला तो ठोकळाही असाच जन्मला. एका लेव्हलमध्ये एकच ठोकळा शेवटपर्यंत सोबत न्यायचा होता आणि प्लेटेस्टमध्ये लोक तो मागेच विसरून यायचे. टीमने त्याच्यावर बदाम काढले, त्याच्याबद्दल निवेदनात चार प्रेमळ वाक्यं घातली, आणि लोक त्याला जपू लागले. इतके, की शेवटी तो भट्टीत टाकायला सांगणं हा गेममधला सगळ्यात लक्षात राहणारा क्षण झाला. विसराळू टेस्टर नसते तर तो क्षणही नसता.

आता मी कुठे हरलो ते. एका गोष्टीप्रधान गेममध्ये मी हट्ट धरला होता की संवाद मध्येच ओलांडून पुढे जाता येणार नाही. कारण काय, तर संवादांची लय. टीममध्ये तिघांनी विरोध केला, टेस्टरांनी केला, आमच्या टेस्टिंगच्या पोरीने तर रोज केला, कारण तिला तेच संवाद दिवसातून वीस वेळा ऐकावे लागत. मी दाद दिली नाही. गेम बाहेर आल्यावर लोक अवघड जागी मरायचे, परत यायचे आणि अडीच मिनिटांचा तोच संवाद पुन्हा ऐकायचे. पहिल्या दिवशीचे रिव्ह्यू वाचवत नव्हते. नवव्या दिवशी पॅच (दुरुस्ती) काढून संवाद ओलांडायचं बटण दिलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लय वगैरे सगळं मी नंतर रचलेलं होतं. ते संवाद मी लिहिले होते, एवढंच खरं कारण. तेव्हापासून एखाद्या गोष्टीला हात लावू नका असं मी म्हणतो, तेव्हा ती दुसऱ्या कुणी केली असती तरी मी असंच म्हणालो असतो का, हे आधी तपासतो. दहापैकी चारदा उत्तर लाजिरवाणं येतं. तुमच्या डिझायनरलाही हे करायला सांगा, आणि मॅपच्या बाजूने असलेल्यांनाही. कारण ‘लोक मागतायत’ यामागेही पुष्कळदा ‘मला वाईट रिव्ह्यूची भीती वाटते’ एवढंच असतं.

अपेक्षांकडे वळू. अपेक्षा आभाळातून पडत नाहीत. त्यातल्या बऱ्याच आपणच पेरलेल्या असतात: नावात, ट्रेलरमध्ये, स्टोअरच्या पानावरच्या टॅगमध्ये, पहिल्या वीस मिनिटांत. म्हणून लोक भडकले की त्यांना आवडलं नाही एवढंच धरून चालू नये. आपण त्यांना काय कबूल केलं होतं, तेही उकरून बघावं.

‘मास इफेक्ट ३’ चा शेवट आठवा. मार्च २०१२. तीन गेमभर खेळणाऱ्याला सांगितलं गेलं की तुझ्या निर्णयांना वजन आहे. कोण जगलं, कोण मेलं, कुणाशी तह केला, सगळं एका गेममधून पुढच्या गेममध्ये न्यायचं. आणि शेवटी तीन पर्याय, जवळपास सारखीच दृश्यं, रंग तेवढे वेगळे. लोकांनी मोहीम उघडली आणि निषेध म्हणून एका धर्मादाय संस्थेसाठी पैसेही गोळा केले. स्टुडिओकडून कलात्मक सचोटीचा शब्द पुढे आला. जूनमध्ये त्यांनी वाढवलेला शेवट फुकट दिला. मूळ पर्याय तसेच ठेवले, परिणाम सविस्तर दाखवले, आणि सगळेच पर्याय नाकारण्याची एक वाटही दिली. तेव्हा माझ्या ओळखीतले निम्मे डिझायनर ‘स्टुडिओ झुकला’ म्हणून हळहळले होते. मला ते झुकणं वाटलं नाही. शोकांत शेवट करायला कुणाचीच ना नव्हती. पण पाच वर्षं ‘तुझ्या निवडीला अर्थ आहे’ म्हणायचं आणि हिशेबाच्या वेळी वही बंद करायची, हे खेळणाऱ्याने का चालवून घ्यावं?

याच्या उलट ‘विंड वेकर’. २००० साली एका प्रदर्शनात निन्टेन्डोने नव्या कन्सोलची ताकद दाखवायला ‘झेल्डा’ मालिकेचा नायक लिंक आणि खलनायक गॅनन यांची वास्तवदर्शी झुंज दाखवली. ती नुसती झलक होती, पण लोकांनी ती पुढच्या झेल्डाची कबुली समजून गाठीशी बांधली. वर्षभराने खरा गेम दिसला तो कार्टूनसारखा, टपोऱ्या डोळ्यांच्या लिंकचा. केवढा गदारोळ! टीमने ती शैली सोडली नाही. आज ते समुद्र आणि ते ढग अजिबात जुने वाटत नाहीत, आणि त्या काळातले ‘वास्तवदर्शी’ म्हणून गाजलेले किती गेम आज बघवत नाहीत ते विचारू नका. तरी एक सांगायला हवं: निन्टेन्डोने २००६ मध्ये ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ हा गंभीर चेहऱ्याचा झेल्डाही दिला. जी हौस त्यांनी स्वतः जागवली होती ती त्यांनी पुढे भागवली, फक्त दुसऱ्या गेममध्ये.

आणि ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ (२०२०, खेळला नसेल तर हा परिच्छेद सोडा). पहिल्या भागाचा नायक जोएल याला इतक्या लवकर मारणं आणि मग त्याला मारणारीच्याच भूमिकेत तासन्‌तास खेळायला लावणं, यावरून त्या टीमला फार शिव्या बसल्या. तो निर्णय मला धाडसी आणि योग्य वाटतो. सगळा गेम त्याच खिळ्यावर टांगलेला आहे. पण ट्रेलरमध्ये ज्या क्षणी जोएल दिसतो, त्या क्षणी प्रत्यक्ष गेममध्ये जेसी हे दुसरंच पात्र असतं. इथे मी त्यांच्या बाजूने नाही. रहस्य झाकणं ही कला आहे. खोटं दाखवून गिऱ्हाईक आणणं हा वेगळा धंदा आहे, आणि त्या एका दृश्यामुळे प्रामाणिक खेळणाऱ्यालाही आपण फसलो असं म्हणायला जागा मिळाली.

‘नो मॅन्स स्काय’बद्दल इतकं लिहून झालंय की मी एकच म्हणतो. २०१६ मध्ये लोक चिडले ते गेम काय होता यापेक्षा मुलाखतींमधून काय ऐकलं होतं त्यावर. टीमने नंतर बोलणं जवळजवळ बंद केलं, वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले आणि हळूहळू पत परत मिळवली. पाच जणांच्या टीमला एवढा दम नसतो, तेव्हा आधीच कमी बोललेलं बरं.

एक गल्लत मात्र करू नका. कमाईचे निर्णय कलेची शाल पांघरून येतात ते या वादात धरायचेच नाहीत. २०१७ मध्ये ‘बॅटलफ्रंट टू’मध्ये नामांकित पात्रं तासन्‌तास खपल्याशिवाय उघडत नव्हती, आणि त्याचं समर्थन अभिमान आणि कर्तृत्वाच्या भावनेने केलं गेलं. रेडिटवर त्या उत्तराला लाखोंनी नापसंती मिळाली. तिथे दृष्टी वगैरे काही नव्हतं, दर होता. तुमच्या बाबतीत हा प्रश्न नाही, म्हणून पुढे जातो.

‘मग सेटिंगमध्ये ऑप्शन देऊ, ज्याला हवं तो मॅप चालू करेल’ हे तुमच्या टीममध्ये कुणीतरी म्हणालंच असेल. हा मार्ग काही ठिकाणी उत्तम चालतो. ‘हेडीस’मध्ये गॉड मोड चालू केला की मार वीस टक्के कमी बसतो आणि प्रत्येक मरणागणिक आणखी दोन टक्क्यांनी कमी होतो, ऐंशी टक्क्यांपर्यंत. गोष्ट तीच, खोल्या त्याच, शत्रू तेच. ‘सेलेस्ट’चा असिस्ट मोडही तसाच. ‘डार्केस्ट डंजन’चं उदाहरण तुमच्या जास्त जवळचं आहे. २०१५ मध्ये, अर्ली ॲक्सेस (गेम पुरा होण्याआधीची विक्री) चालू असताना, त्यांनी मेलेल्या शत्रूचं प्रेत जागेवरच राहील असा बदल केला. आधी पुढचा शत्रू मेला की मागचे आपोआप पुढे सरकायचे आणि तलवारीच्या टप्प्यात यायचे. आता प्रेत मध्ये. डिझाइन म्हणून बदल उत्तम होता, मागच्या रांगेतल्यांना अर्थ आला. पण पैसे मोजून महिनोन्‌महिने खेळत असलेल्यांच्या सवयी एका रात्रीत मोडल्या आणि रान पेटलं. टीमने प्रेतं बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये दिली. मूळ मांडणी मात्र प्रेतांसहितच ठेवली. मला हे फार शहाणपणाचं वाटलं: आमचा गेम असा आहे, तुम्हाला वेगळा हवा तर हे बटण.

मॅपचं तसं होत नाही. मार कमी-जास्त करणं हा आकड्याचा खेळ. मॅप आला की नजरच बदलते. कोपऱ्यात लहानसा मॅप असेल तर माणूस धुक्याकडे बघत नाही, कोपऱ्याकडे बघतो. आणि त्याहून वाईट परिणाम होतो तो करणाऱ्यांवर. ‘मोरोविंड’ (२००२) मध्ये लोक तोंडी पत्ता सांगायचे: अमुक रस्त्याने जा, पूल ओलांड, खडकापाशी वळ. ‘ओब्लिव्हियन’ (२००६) मध्ये होकायंत्रावर खूण आली आणि पत्ते सांगण्याची गरजच उरली नाही. त्यानंतरच्या अशा कित्येक गेममध्ये खूण बंद केली तर माणूस आंधळा होतो, कारण रस्ता दाखवणारं दुसरं काही कुणी बांधलेलंच नसतं. ऑप्शन दिलात की तुमची टीमही हळूहळू मॅप चालू ठेवूनच बेट बांधू लागेल. माझ्या बाबतीत झालंय, कुणी ठरवून केलं नव्हतं.

मॅप आणि मॅप नसणं यांच्या मधलीही बरीच जमीन आहे, ती बघून घ्या. ‘हॉलो नाइट’ (२०१७) मध्ये नव्या भागात शिरलात की मॅप नसतो. कुठेतरी जमिनीवर कागद विखुरलेले दिसतात, गुणगुणणं ऐकू येतं, त्या आवाजामागे गेलं की नकाशे काढणारा कॉर्निफर भेटतो आणि त्याच्याकडून अर्धाकच्चा मॅप विकत घ्यायचा. पुढचं टाकाने आपणच भरायचं, तेही बाकावर बसल्यावर. मॅपवर आपण कुठे आहोत हे हवं असेल तर एक ताईत घालायचा, म्हणजे दुसऱ्या ताइताची जागा अडते. हरवण्याची भीती राहते, पण तिच्यातून सुटण्याची वाटही गेमचाच भाग होते. ‘फार क्राय २’ (२००८) मध्ये मॅप म्हणजे हातात धरलेला कागद. तो बघत बसलात तरी जग थांबत नाही. आणि ‘मियास्माटा’ (२०१२) तर तुम्ही खेळायलाच हवा. दोन भावांनी केलेला, बेटावरचाच गेम. ओळखीच्या दोन खुणांवर नजर लावून आपली जागा काढायची, तेव्हा कुठे मॅपचा तेवढा तुकडा भरतो. तिथे मॅप काढणं हाच खेळ आहे.

कोण तक्रार करतंय, तेही वेगळं काढा. डेमो फुकट असतो, त्यामुळे वाटेल तो माणूस उतरवून घेतो. भुताखेतांची मारामारी समजून आलेल्याला तुमचा गेम कधीच आवडणार नाही, मॅप दिला तरी नाही. त्याचं ऐकून बदल केलात तर तो येणार नाहीच, आणि जो आला असता तोही जाईल. मी सुरुवातीला म्हटलेला मिळमिळीत गेम असाच झाला. ज्यांनी चार तास खेळून तक्रार केली त्यांचं पान वेगळं काढा आणि दोनदा वाचा. जपानी डिझायनर हिदेओ कोजिमाची गोष्ट अशी सांगतात, म्हणजे त्याच्यासोबत काम केलेल्या संगीतकार वुडकिडनेच २०२५ मध्ये सांगितली, की ‘डेथ स्ट्रँडिंग २’ च्या टेस्टमध्ये लोकांना गेम फारच आवडला म्हणून कोजिमा अस्वस्थ झाला आणि काही गोष्टी बदलायला निघाला. ऐकायला मजा येते. एवढी उधारी मिळायला आधी पस्तीस वर्षं काम करावं लागतं, हे तुमच्या डिझायनरला सांगून ठेवा.

तुमच्याकडे उधारी आहे साधारण दोन तासांची. स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी आणि खरेदीला चौदा दिवस झाले नसतील, तर पैसे परत मिळतात. बेट ओळखीचं झाल्याचा आनंद तुमच्या गेममध्ये कितव्या मिनिटाला मिळतो? तिसऱ्या तासाला असेल, तर सगळी दृष्टी बरोबर असूनही माणूस धुक्यातूनच घरी जाईल. तो आनंद पहिल्या अर्ध्या तासात एकदा, छोट्या प्रमाणात, मिळालाच पाहिजे. दहाव्या मिनिटाला त्याला मुद्दाम हरवा. अगदी थोडं. आणि भटकत भटकत तो अचानक सुरुवातीच्याच जागी, पण दुसऱ्या बाजूने, येऊन पोचू दे. ‘अरे, हे तर ते पडकं घर!’ असं त्याच्या तोंडून एकदा निघालं की पुढचे पाच तास तो तुमच्यावर विसंबतो.

दुसरं, मॅपचं बटण. तुमच्या डेमोत आता ते दाबल्यावर काय होतं? बहुधा काहीच नाही. खेळणाऱ्याच्या दृष्टीने ‘काहीच नाही’ म्हणजे बिघाड. त्या बटणाला उत्तर द्या. पात्राने खिशातून भिजून लगदा झालेला कागद काढावा, बघावा, परत ठेवावा. दोन सेकंदांचं ॲनिमेशन. आठवड्याचं काम असेल, पण त्या दोन सेकंदांत खेळणाऱ्याला कळतं की मॅप विसरलेला नाही, नाकारलेला आहे.

हे दोन्ही करून झालं की आठ-दहा नवी माणसं बसवा. मागे गप्प बसा. खोकूसुद्धा नका. मॅपचं बटण कधी कधी दाबलं जातं, त्याची वेळ लिहून ठेवा. एकाच जागी तीन जणांनी दाबलं तर ती जागा नीट बांधलेली नाही. शेवटी ‘मॅप हवा होता का’ असं विचारायचं नाही. विचारलंत तर सगळे हो म्हणणार, कुणालाही काहीही फुकट मिळत असेल तर तो होच म्हणतो. त्याऐवजी कोरा कागद आणि पेन्सिल द्या आणि म्हणा, बेट काढून दाखवा.

ज्यांना काढता येईल त्यांच्यापुरता तुमचा गेम चालतोय, तोंडाने त्यांनी काहीही मागितलं असलं तरी. बहुतेकांना येतच नसेल, तर मुख्य डिझायनरने मॅपचा वाद बाजूला ठेवून बेटाकडे परत जावं. सगळे खडक एकसारखे असतील, घंटेचा आवाज दोन दिशांनी सारखाच येत असेल, उतार कुठे आहे ते धुक्यात कळत नसेल. ते दुरुस्त करणं मॅप करण्यापेक्षा महाग पडेल, हे आधीच सांगतो.

आणि ते कागद फेकू नका. भुयारांच्या गेमचे आमचे अकरा कागद माझ्या खणात अजून आहेत. बहुतेकांनी शेवटचं दालन चुकीच्या बाजूला काढलंय. एका मुलीने तेलाच्या तिसऱ्या कोनाड्याजवळ, जिथे आम्ही नुसती भिंत ठेवली होती, तिथे एक दार काढलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, मी पाहिलं ना, होतं तिथे. आम्ही जाऊन बघितलं. पणतीच्या उजेडात भिंतीवरची भेग खरंच दाराच्या चौकटीसारखी दिसत होती. पुढच्या बिल्डमध्ये तिथे दार केलं.